ॲडिंग्टन व्हिलेज ट्राम थांब्याजवळ घर घेतोय (दक्षिण लंडन): गाड्या कुठे बदलायच्या, पैसे कसे कापले जातात?

मुळशीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. क्रॉयडनच्या पूर्वेला ॲडिंग्टन व्हिलेज ट्राम थांब्यापासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर भाड्याने घर ठरतंय. एकाचं ऑफिस विंबल्डनला, आठवड्यातून तीन दिवस. दुसऱ्याचं लंडन ब्रिजजवळ, दोन दिवस. मुलं ९ आणि १३ वर्षांची. दिवाळीनंतर आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी येणार आहेत. नकाशावर सगळं सोपं दिसतं, पण पुढच्या गोष्टी उलगडत नाहीत.

या थांब्यावरून विंबल्डनला थेट ट्राम नाही असं दिसतं. मग बदलायची कुठे? ट्राममध्ये कार्ड एकदाच टच करायचं की उतरतानाही? विंबल्डनला काहीतरी वेगळा नियम आहे असं दोघा-तिघांनी सांगितलं, तो नेमका काय? लंडन ब्रिजला जायला ईस्ट क्रॉयडनशिवाय दुसरी वाट आहे का? थांब्यावर ज्या बस लागतात त्यांतल्या कामाच्या कुठल्या? आणि हीथ्रोहून आई-बाबांना सामानासकट आणायचं तर टॅक्सीशिवाय काही जमतं का?

---

फलाट_क्र_दोन

आधी जाळ्याचा आकार डोक्यात बसवा, म्हणजे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. लंडन ट्राम्सची चार टोकं आहेत: पश्चिमेला विंबल्डन, पूर्वेला बेकनहॅम जंक्शन आणि एल्मर्स एंड, आग्नेयेला न्यू ॲडिंग्टन. एकूण थांबे ३९. पूर्वेकडच्या तिन्ही शाखा सँडिलँड्स थांब्यापाशी एकत्र येतात आणि तिथून लेबनन रोड, ईस्ट क्रॉयडन, जॉर्ज स्ट्रीट, चर्च स्ट्रीट अशा एकाच वाटेने गावात शिरतात.

चर्च स्ट्रीटनंतर वाट फुटते. बेकनहॅम आणि एल्मर्स एंडहून आलेल्या गाड्या सरळ वाँडल पार्कवरून विंबल्डनला जातात. तुमची न्यू ॲडिंग्टनची गाडी मात्र उजवीकडे वळून सेंट्राल, वेस्ट क्रॉयडन, वेलस्ली रोड असा फेरा मारते आणि पुन्हा ईस्ट क्रॉयडनला येऊन घरी परतते. हा फेरा एकाच दिशेने फिरतो, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. रस्ते अरुंद आणि रूळ एकेरी, म्हणून उलट दिशेची गाडी तिथे नाहीच. जाताना चर्च स्ट्रीट लागतं आणि येताना सेंट्राल, वेस्ट क्रॉयडन. जाताना जिथे उतरलो तिथूनच परतीची गाडी मिळेल असं धरून चालू नका.

आता विंबल्डन. ॲडिंग्टन व्हिलेजहून येणारी ट्राम पाटीवर 'वेस्ट क्रॉयडन' दाखवते. तीत बसा, सँडिलँड्सला उतरा आणि त्याच फलाटावर उभे राहा. पाठीमागून 'विंबल्डन' पाटीची गाडी येईल, ती घ्या. जिना नाही, पूल नाही, रस्ता ओलांडणं नाही.

बरेच जण ईस्ट क्रॉयडनपर्यंत जातात आणि तिथे बदलतात. वेळेत काही फरक पडत नाही, कारण रुळांवर एक ट्राम दुसरीला मागे टाकून पुढे जात नाही. तुमच्या मागे विंबल्डनची जी गाडी आहे तीच तुम्हाला सँडिलँड्सलाही मिळणार आणि चर्च स्ट्रीटलाही. फरक पडतो तो जागेचा. ईस्ट क्रॉयडनला लोकलमधून उतरलेली गर्दी चढते. सँडिलँड्सला चढलात तर गर्दीच्या आधी आत असता. शिवाय ईस्ट क्रॉयडनला तीन फलाट आहेत, गाडी कुठल्या फलाटावर लागतेय ते बघावं लागतं. सँडिलँड्सला तो घोळ नाही.

चर्च स्ट्रीट ही बदलण्याची शेवटची संधी. डुलकी लागून ती चुकली तर सेंट्रालला उतरून चर्च स्ट्रीटकडे चालत मागे या, चार-पाच मिनिटांचं काम आहे. फेरा पूर्ण करत बसू नका.

परतताना हेच उलटं. विंबल्डनहून सुटणारी गाडी एल्मर्स एंडची असो वा बेकनहॅम जंक्शनची, पहिली सुटेल ती घ्या आणि वेस्ट क्रॉयडनला उतरा. तिथे एकच फलाट आहे, चुकायला वावच नाही. न्यू ॲडिंग्टनची गाडी तिथे बरीच रिकामी मिळते आणि दोन थांब्यांनंतर ईस्ट क्रॉयडनला भरते. संध्याकाळी साडेपाच-सहाला बसून घरी जायचं असेल तर बदलण्याची जागा वेस्ट क्रॉयडनच.

वेळ: ॲडिंग्टन व्हिलेज ते ईस्ट क्रॉयडन साधारण पाव तास, ईस्ट क्रॉयडन ते विंबल्डन पंचवीस मिनिटांच्या थोडं वर. बदलण्याचा वेळ धरून पन्नास मिनिटांचा हिशोब ठेवा.

---

शर्ली_हिल्स

वर गाडी बदलण्याबद्दल लिहिलंय ते अगदी बरोबर. मी फक्त पैशांचं सांगतो, कारण नवीन लोकांचे पैसे जातात ते तिथेच.

ट्रामला बससारखंच एकच भाडं आहे, कितीही लांब जा. मार्च २०२३ मध्ये ते १.६५ पौंडांवरून १.७५ झालं. कार्ड टच करायचं यंत्र फलाटावर असतं, गाडीत नसतं. गाडी यायच्या आधीच टच करून मोकळे व्हा. दार उघडून बंद व्हायला थोडेच सेकंद लागतात, तेवढ्यात खांबापर्यंत धावत जाऊन परत येणं होत नाही. हिरवा दिवा आणि एक बीप म्हणजे झालं. लाल दिवा दिसला तर पैसे भरले गेलेले नाहीत, फलाटावरच्या दुसऱ्या यंत्रावर पुन्हा करा. आत तपासनीस येतात आणि टच नसेल तर दंड १०० पौंड आहे. २१ दिवसांत भरला तर निम्मा. 'यंत्र बंद होतं' हे कारण दुसरं यंत्र चालू असताना टिकत नाही.

उतरताना टच करायचं नाही. मुंबई-पुण्याची मेट्रो वापरून आलेल्या माणसाचा हात बाहेर पडताना आपोआप खिशाकडे जातो, ती सवय इथे मोडावी लागते.

हॉपर हा भाग नीट समजून घ्या. पहिल्या टचपासून एका तासाच्या आत तुम्ही दुसऱ्या कुठल्याही ट्राममध्ये किंवा बसमध्ये टच केलंत तर त्याचे पैसे लागत नाहीत. कितीही वेळा. तास मोजला जातो तो टच ते टच, प्रवास संपेपर्यंत नव्हे. पहिला टच ८:०० ला आणि शेवटच्या बसचा टच ८:५८ ला असेल तर ती बस पुढे अर्धा तास चालली तरी फुकट. मधे रेल्वे किंवा ट्यूबचा (भुयारी रेल्वेचा) टप्पा आला तरी तासाची गणती तुटत नाही, फक्त त्या टप्प्याचं भाडं वेगळं. म्हणूनच सँडिलँड्सला गाडी बदलताना पुन्हा टच केलं तरी काही बिघडत नाही.

तुमच्या विंबल्डनच्या प्रवासाला जवळजवळ तास लागतो. उतरल्यावर पुढे बस घ्यायची असेल आणि ट्राम रखडली असेल तर तास उलटतो आणि पुन्हा १.७५ कापले जातात. तो यंत्राचा दोष नाही. उपाय म्हणजे सकाळी फलाटावर पोचल्या पोचल्या टच न करता पाटीवर गाडी एक-दोन मिनिटांवर दिसली की करा.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: एकाच बँकेचं कार्ड प्लॅस्टिकचं आणि फोनमधलं, ही यंत्रणेच्या लेखी दोन वेगळी कार्डं आहेत. घड्याळातलं तिसरं. सकाळी फोन आणि संध्याकाळी कार्ड वापरलंत तर हॉपर मिळत नाही, रोजची कमाल मर्यादाही जुळत नाही. एक साधन ठरवा आणि तेच वापरा. नुसत्या बस-ट्रामची रोजची मर्यादा ५.२५ पौंड, म्हणजे तीन भाड्यांएवढी. चौथ्यापासून पुढे दिवसभर काही लागत नाही.

विंबल्डनचा नियम. तिथे ट्रामचे फलाट, १०अ आणि १०ब, रेल्वे स्थानकाच्या कार्ड टच केल्यावर उघडणाऱ्या दारांच्या आत आहेत. म्हणून:

ट्रामने आलात आणि बाहेर पडायचंय, तर दारावर टच करून बाहेर पडा. इथे उतरताना टच करावं लागतं, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

विंबल्डनहून ट्राम पकडायचीय, तर दारावर एकदा टच करून आत या आणि ट्रामच्या फलाटावरच्या यंत्रावर पुन्हा टच करा. दाराला कळत नाही तुम्ही ट्रामला चाललात की ट्यूबला. ते रेल्वेचा प्रवास सुरू झाला असं नोंदवतं. फलाटावरचा दुसरा टच तो मोडून ट्रामचा करतो. तो विसरलात तर रेल्वेचा प्रवास उघडाच राहतो आणि १.७५ ऐवजी रेल्वेचं कमाल भाडं कापलं जातं. असं झालंच तर टीएफएलच्या (लंडनच्या वाहतूक संस्थेच्या) खात्यात अपुरा प्रवास म्हणून दिसतो आणि परतावा मागता येतो. पण दोन पावलं जास्त चालून टच करणं सोपं.

वेस्ट क्रॉयडन, ईस्ट क्रॉयडन, मिचम जंक्शन, एल्मर्स एंड, बेकनहॅम या ठिकाणी ट्रामचे थांबे रेल्वेच्या दारांबाहेर आहेत. तिथे हा प्रश्न येत नाही.

---

हेझ_लाइन

लंडन ब्रिजबद्दल. सरळ वाट ईस्ट क्रॉयडनचीच. ट्रामचा थांबा स्थानकाच्या तोंडाशी आहे, आत शिरलं की उतरत्या उताराने फलाटावर. थेम्सलिंक आणि सदर्न या दोन्ही रेल्वे कंपन्यांच्या गाड्या लंडन ब्रिजला जातात, जलद गाडी वीस मिनिटांच्या आत पोचवते. अडचण एकच, सकाळी या गाड्या ब्रायटन, गॅटविकहून भरून येतात. ईस्ट क्रॉयडनला बसायला मिळेल ही आशा ठेवू नका.

म्हणून दुसरी वाट सांगतो, फारशी कुणाला माहीत नसलेली. ॲडिंग्टन व्हिलेजवरून ३१४ किंवा ३५३ नंबरची बस हेझ रेल्वे स्थानकावर जाते. हेझ हे त्या मार्गाचं शेवटचं स्थानक. गाडी तिथूनच सुटते, रिकामी उभी असते. खिडकीची जागा घेऊन लंडन ब्रिजपर्यंत बसून जाता येतं. गाडी सगळीकडे थांबत जाते म्हणून ईस्ट क्रॉयडनच्या जलद गाडीपेक्षा वेळ जास्त लागतो, पण लॅपटॉप उघडून काम करायचं असेल तर ते अंतर वसूल होतं. पाठदुखी किंवा गुडघेदुखी असलेल्या माणसाला तर मी हीच वाट सुचवेन.

तिसरी वाट एल्मर्स एंड: सँडिलँड्सला उतरून समोरच्या फलाटावर जा, एल्मर्स एंडची ट्राम घ्या, तिथे हीच हेझ मार्गाची लोकल मिळते. ईस्ट क्रॉयडन बंद पडलं असेल तेव्हाच ही वापरा.

भाड्याच्या हिशोबात एक लक्षात घ्या. भाड्यासाठी लंडनचे झोन पाडलेत, ईस्ट क्रॉयडन आणि हेझ दोन्ही झोन ५ मध्ये. ३, ४, ५ किंवा ६ यांपैकी एखाद्या झोनचं ट्रॅव्हलकार्ड (म्हणजे पास) असेल तर सगळ्या ट्राम त्यात आल्या. नुसत्या १-२ झोनच्या ट्रॅव्हलकार्डात ट्राम येत नाही. आठवड्यातून दोनच दिवस जाणार असाल तर ट्रॅव्हलकार्ड घेऊ नका. रोजच्या टचने मर्यादा आपोआप लागते आणि त्यात ट्राम-बसचे पैसेही धरले जातात, फक्त वर सांगितल्याप्रमाणे कार्ड एकच हवं.

---

मुळशीकर

वा, फारच नेमकी माहिती. ३१४ आणि ३५३ बद्दल अजून सांगाल का? शिवाय मुलांचं आणि आई-बाबांचं राहिलं. आणि एक शंका: ट्राम सँडिलँड्सच्या आधी फारच रेंगाळते असं घर बघायला आलो तेव्हा जाणवलं. रोज असंच असतं का?

---

दक्षिणायन

बसचं मी सांगते. ॲडिंग्टन व्हिलेज हा नुसता थांबा नाही, ट्राममधून बसमध्ये सहज बदलता यावं म्हणूनच तो बांधलाय. ट्रामच्या फलाटालगतच बसचे थांबे आहेत. त्यामुळे पावसात भिजत रस्ता ओलांडायची वेळ येत नाही.

३१४: एका बाजूला न्यू ॲडिंग्टन, दुसऱ्या बाजूला हेझ, ब्रॉमली, एल्टम. ब्रॉमलीच्या बाजारपेठेसाठी हीच.
३५३: एका बाजूला फॉरेस्टडेल, दुसऱ्या बाजूला हेझ आणि पुढे ऑर्पिंग्टन.
१३०: शर्लीवरून नॉरवूडकडे.
४३३: सेल्सडनवरून क्रॉयडनकडे.
४६६: ईस्ट क्रॉयडन, पर्ली करत केटरहॅम.

चूक होते ती दिशेची. एकाच नंबरची बस इथे दोन्ही बाजूंना जाते, आणि बसथांबा वेगवेगळा असतो. थांब्याच्या खांबावर वरच्या टोकाला इंग्रजी अक्षर असतं, ते आणि बसच्या कपाळावरचं शेवटच्या ठिकाणाचं नाव ही दोन्ही बघा. घाईत ३१४ दिसली म्हणून चढलेला माणूस न्यू ॲडिंग्टनला पोचतो. असं झालं तर तिथून ट्रामने परत या, तासाच्या आत असाल तर फुकट.

बस हात दाखवल्याशिवाय थांबेल असं धरू नका. ट्राम मात्र प्रत्येक थांब्यावर थांबते, फक्त दार उघडायला दारावरचं बटण दाबावं लागतं. बटणाभोवतीचा दिवा लागला की दाबा, त्याआधी दाबून उपयोग नाही.

मुलं: ११ वर्षांखालचं मूल बस आणि ट्राममध्ये फुकट, कार्डही लागत नाही. नऊ वर्षांच्या तुमच्या धाकट्याचा प्रश्न मिटला. थोरल्याला ११-१५ वयोगटाचं झिप ऑयस्टर फोटोकार्ड काढा. ते असलं की बस-ट्राम फुकट, पण त्याला टच करावंच लागतं. 'फुकटच आहे, टच कशाला' असं मुलं म्हणतात आणि तपासनीसापुढे अडकतात. कार्डाचा अर्ज ऑनलाइन, फोटो आणि पासपोर्टची माहिती लागते, आणि ते टपालाने येतं. घराचा पत्ता पक्का झाला की त्याच दिवशी अर्ज करा. कार्ड हातात येईपर्यंत त्याला मोठ्यांचं भाडं पडेल.

आई-बाबा: साठ वर्षांवरचं सवलतीचं कार्ड लंडनच्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांना मिळत नाही. त्यांना पूर्ण भाडं. भारतातलं बँकेचं कार्ड यंत्रावर सहसा चालतं, पण दरवेळी परकीय चलनाचा आकार लागतो. तीन महिने राहायचं असेल तर दोघांना दोन साधी ऑयस्टर कार्डं (आधी पैसे भरून वापरायची प्रवासकार्डं) घेऊन द्या. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. ट्रामच्या थांब्यांवर तिकीट यंत्रं नाहीत, २०१८ मध्ये ती काढून टाकली. पैसे भरायचे ते ईस्ट क्रॉयडनच्या यंत्रावर, ऑयस्टरचं चिन्ह लावलेल्या दुकानात, किंवा टीएफएलच्या ॲपवरून तुम्ही घरी बसून.

चढ-उताराची काळजी करू नका. ३९ च्या ३९ थांब्यांवर फलाट आणि गाडीची जमीन एका पातळीत आहे. बाबागाडी, चाकाची खुर्ची, भाजीची ट्रॉली सरळ आत जाते. सायकल मात्र घडी घातलेली असेल तरच.

आई-बाबांना विंबल्डनला गणपतीच्या देवळात जायचं असेल तर एफ्रा रोडवरचं श्री घनपती देऊळ आहे. विंबल्डन स्थानकातून ब्रॉडवेने पूर्वेकडे चालत जाता येतं. पूजेची पद्धत दक्षिणेकडची आहे, आरती मराठी नसेल हे आधीच सांगून ठेवलं की बरं. मराठी कार्यक्रमांसाठी महाराष्ट्र मंडळ लंडन, ते डॉलिस हिलला, म्हणजे शहराच्या पार वायव्येला. ईस्ट क्रॉयडनहून लंडन ब्रिज, तिथून ज्युबिली लाइनने थेट डॉलिस हिल. दोनदा गाडी बदलावी लागते. गणेशोत्सवात रात्री उशीर होणार असेल तर परतीची शेवटची ट्राम आधी बघून ठेवा. रात्रीची ट्राम नाही, मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत ती बंदच असते. ईस्ट क्रॉयडनपर्यंत रेल्वेने पोचाल, पुढच्या पाच-सहा किलोमीटरसाठी ट्राम मिळणार नाही.

---

फलाट_क्र_दोन

सँडिलँड्सच्या आधी गाडी हळू होते हे रोजचं आहे, आणि तसंच असायला हवं.

लॉइड पार्क सोडल्यावर ट्राम जुन्या रेल्वेच्या बोगद्यांतून जाते. वुडसाइड ते साउथ क्रॉयडन हा मार्ग १९८३ मध्ये बंद झाला होता, त्याचेच हे बोगदे. बोगद्यांतून बाहेर पडल्यावर लगेच डावीकडे अतिशय आवळ वळण आहे, त्रिज्या सुमारे ३० मीटर. वेगमर्यादा ताशी २० किलोमीटर. ९ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे न्यू ॲडिंग्टनहून आलेली ट्राम तिथे ताशी ७३ च्या वेगाने शिरली आणि उलटली. सात माणसं गेली. लांब, सरळ, अंधाऱ्या बोगद्यांतून आल्यावर वळण नेमकं कुठे येतंय हे कळण्याच्या खुणा तेव्हा पुरेशा नव्हत्या. त्यानंतर वेगाचे टप्पे पाडले, वळणाच्या खुणा वाढवल्या, चालकाचं लक्ष ढळलं तर इशारा देणारं उपकरण बसवलं, आणि मर्यादा ओलांडली तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणाही आली. तेव्हा बोगद्यातच गाडीने वेग टाकायला सुरुवात केली तर ती नीट चाललीय असं समजा. वळणावर उभे असाल तर दांडा धरा, गाडी हळू असली तरी झोक बसतो.

उशीर खरोखर कुठे होतो ते वेगळं. विंबल्डनची गाडी रखडते ती बहुतेक वेळा एकेरी रुळांमुळे. बेकनहॅमची शाखा हॅरिंग्टन रोडच्या पुढे एकेरी आहे, गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या ॲव्हेन्यू रोडला. पश्चिमेला फिप्स ब्रिज ते मॉर्डन रोड हा तुकडाही एकेरी. एका बाजूची गाडी तीन मिनिटं मागे पडली की समोरची खोळंबते, आणि मग दोन गाड्या एकामागोमाग येतात. तुमच्या न्यू ॲडिंग्टन शाखेवर रूळ दुहेरी आहेत, ती त्यामानाने सुरळीत चालते. दिवसा सात-आठ मिनिटांनी गाडी धरा, रविवारी आणि रात्री अंतर वाढतं.

याचा व्यवहारी अर्थ: सँडिलँड्सला विंबल्डनच्या दोन गाड्या लागोपाठ दाखवत असतील तर पहिली सोडा, दुसरी रिकामी असते.

शरद ऋतूचंही सांगून ठेवतो, तुम्ही नेमके त्याच सुमारास राहायला जाताय. ग्रॅव्हेल हिल, कूम लेन, लॉइड पार्क हा पट्टा झाडीतून आणि चढ-उतारावरून जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओली पानं चाकाखाली चिरडून रुळांवर गुळगुळीत थर बसतो. लोखंडावर लोखंड घसरतं. गाड्यांत वाळू टाकायची सोय असते, तरी चालक लवकर ब्रेक लावतात आणि सावकाश निघतात. त्या दीड महिन्यात पाच मिनिटं जास्त धरा.

सँडिलँड्स ते न्यू ॲडिंग्टन या शाखेला रुळांवरून दुसरी वाट नाही. तिथे काही अडलं की ट्राम बंद. अशा वेळी फलाटावर थांबून राहू नका. ॲडिंग्टन व्हिलेजवरून ४६६ घेऊन ईस्ट क्रॉयडन गाठा. ट्रामसाठी आधीच टच केलेलं असेल तर तासाच्या आत बसमध्ये टच करायला पैसे नाहीत.

---

शर्ली_हिल्स

हीथ्रो राहिलं.

टॅक्सीशिवाय जमतं, आणि १.७५ पौंडांत. सुपरलूप या जलद बसजाळ्याची एसएल७ ही बस वेस्ट क्रॉयडनहून निघून ईस्ट क्रॉयडन, सटन, किंग्स्टन करत हीथ्रो सेंट्रल बसस्थानकाला जाते. २०२३ पर्यंत हीच बस एक्स२६ नावाने धावत होती. जुनी माहिती वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो. थोडेच थांबे घेते. साधी बसच असल्याने भाडं तेच आणि हॉपरही लागू. ॲडिंग्टन व्हिलेजला ट्रामचा टच, पाव तासाने ईस्ट क्रॉयडन, तासाच्या आत एसएल७ मध्ये टच: दोन्ही मिळून एकच भाडं.

पण वेळ. ईस्ट क्रॉयडन ते हीथ्रो दीड तास धरा, गर्दीच्या वेळी दोनही लागतात, किंग्स्टनपाशी वाहतूक तुंबते. सामानाला वेगळी जागा नाही. मोठ्या बॅगा बाबागाडीच्या मोकळ्या जागेत ठेवाव्या लागतात, आणि चाकाची खुर्ची आली तर ती जागा सोडावी लागते. एका माणसाला एक बॅग असेल तर ही बस उत्तम. मुंबईहून नऊ तासांचा प्रवास करून आलेले आई-बाबा आणि प्रत्येकी दोन मोठ्या बॅगा, अशा वेळी मी त्यांना या बसमध्ये बसवणार नाही. त्या एका दिवशी टॅक्सी करा. निरोप द्यायला किंवा एकट्याने जाताना एसएल७ वापरा.

टर्मिनल २ आणि ३ ला सेंट्रल बसस्थानकातून भुयारी वाटेने चालत जाता येतं. ४ आणि ५ ला तिथूनच मोफत रेल्वे आहे.

विमान गॅटविकचं असेल तर चित्र उलट. ईस्ट क्रॉयडनहून थेम्सलिंक किंवा सदर्न, पंधरा-वीस मिनिटांत गॅटविक. गॅटविक एक्सप्रेसच्या मागे लागू नका, ती ईस्ट क्रॉयडनला थांबतच नाही. बॅगा घेऊन जिना चढावा लागत नाही, ट्राममधून समतल, स्थानकात उतार. घरापासून विमानतळापर्यंत सामान एकदाही उचलायला लागत नाही, फक्त ओढायचं.

---

हेझ_लाइन

एक गोष्ट सुचवतो, घर पक्कं करण्याआधी करून बघण्यासारखी. सात-आठ मिनिटांचं चालणं नकाशावर सपाट दिसतं, पण फॉरेस्टडेलकडून असाल तर चढ आहे. जाताना उतार, येताना दमवणारा. आई-बाबांसाठी घरापासून ३५३ चा थांबा किती जवळ आहे तेही बघा. ती बस त्यांना एक-दोन थांब्यांत ट्रामपाशी आणून सोडेल, पुढची ट्राम हॉपरमध्ये.

आणि चाचणी करायची तर कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला करा. शनिवारी दुपारी घर बघायला आलेल्याला ही वाट कायम मोकळीच दिसते.

---

मुळशीकर

येत्या मंगळवारी सकाळी ७:३० ला ॲडिंग्टन व्हिलेज ते विंबल्डन, सँडिलँड्सला त्याच फलाटावर बदलून. परत येताना दारावर एक टच, फलाट १० वर दुसरा, आणि वेस्ट क्रॉयडनला बदल. गुरुवारी ३१४ ने हेझमार्गे लंडन ब्रिज. झिप कार्डाचा अर्ज आजच भरायला घेतो. वेळा मोजून इथेच टाकेन.